पंपाने वाचलेले पंचवीस

१

फाइलीचं नाव जागेवर होतं, पोटात मात्र काहीच नव्हतं.

कचरावालीने ती बंद केली, पुन्हा उघडली. पांढरी फटक. शेजारच्या सगळ्या फायली भरलेल्या होत्या. प्रत्येकीत एकेका पंपाला दिलेल्या सूचना अक्षर न अक्षर उतरलेल्या. नेमकी तिला हवी होती तेवढीच रिकामी.

ऑफिसात तिला सगळे कचरावालीच म्हणत. नाव चांगलं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. त्यांची कंपनी इस्पितळातल्या औषधाच्या पंपांसाठी एक छोटीशी भाषा बनवायची. कुठलं औषध, किती वेगाने, कधी थांबायचं, हे त्या भाषेत चार ओळींत लिहायचं आणि पंपाने ते वाचून तसं वागायचं. लिहिलेलं वाचून त्याचा अर्थ लावणारा जो भाग, तो पार्सर. आणि दिवसभर त्या पार्सरच्या तोंडात कचरा कोंबणं हे हिचं काम. अर्धवट ओळी, उलटे कंस, लांबच लांब शून्यं, मधेच घुसलेली भलतीसलती चिन्हं. हा कचरा ती हाताने करत नसे. त्यासाठी फझर नावाचा प्रोग्राम होता. तो स्वतःच कचरा तयार करायचा, पार्सरकडे भिरकवायचा, आणि पार्सर कोसळला की बोंब ठोकायचा. कित्येक महिन्यांत त्याने बोंब ठोकलेली नव्हती. फझर गप्प आहे हे सांगणारा मोठ्या भिंतीवरचा हिरवा दिवा दाखवून साहेब ग्राहकांना चहा पाजायचे.

आणि मागच्या आठवड्यात एका इस्पितळात एका पंपाने माणसाला दहापट भूल दिली.

माणूस वाचला, पण अतिदक्षता विभागात गेला. पंप लावणाऱ्या नर्सला घरी बसवलं. ती नर्स म्हणजे कचरावालीची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्याच घरात, मधल्या खोलीत राहणारी.

"मी अडीचच दिलं होतं," वन्सं त्या दिवसापासून एवढंच बोलत होत्या. "दोन पूर्णांक पाच. डॉक्टरांच्या मेसेजमधून उचलून तसंच्या तसं पंपात चिकटवलं. हाताने लिहिलं तर चूक होते म्हणून चिकटवलं, आणि आता म्हणतात पंचवीस कुठून आले!"

"ताई, दमली असशील तू," नवरा एकदा म्हणाला होता. "दमल्यावर माणसाच्या हातून होतं."

वन्संनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो ताटावरून उठून हात धुवायला गेला तो परत आलाच नाही.

प्रत्येक पंप कंपनीच्या मुख्य मशीनकडे दोन गोष्टी पाठवायचा: नर्सने दिलेला मूळ मजकूर, आणि त्यातून पंपाने काढलेला आकडा. आकडा होता. पंचवीस. कंपनीने इस्पितळाला कळवलं होतं, की आमचा पार्सर लिहिलेलंच वाचतो, तेव्हा पंचवीसच लिहिलं गेलं असणार. पण तो लिहिलेला मजकूर ज्या फाइलीत असायला हवा, ती आज तिच्यापुढे रिकामी पडली होती.

पंप रिकामी फाइल पाठवत नाही. म्हणजे ती आल्यावर कुणीतरी पुसली. त्या मशीनवर वाचायची मुभा सगळ्यांना होती, पुसायची फक्त तिघांना. मास्तर, साहेब आणि पाहुणा.

त्या तिघांतल्या एकाबरोबर ती रोज डबा खायची.

२

ती आधी मास्तरांकडेच गेली. संशय म्हणून नव्हे, आधार म्हणून.

पार्सर मास्तरांचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी लिहिलेला. तिला या धंद्यात जे काही येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं, आणि रागावून, वेळप्रसंगी खुर्ची ओढून शेजारी बसून शिकवलेलं. त्यांच्या टेबलावर कायम दोन चष्मे असत आणि ते कायम तिसरा शोधत असत.

"मास्तर, पार्सर आकडा चुकीचा वाचू शकेल का हो?"

"तुझ्या नणंदेचं डोक्यात आहे ना?" त्यांनी मान वर न करताच विचारलं. "वाईट वाटतं गं. पण नाही."

"नाहीच?"

"बस इथे." त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "टाक काय टाकायचं ते."

तिने आकड्यात मधेच अ‍ॅटचं चिन्ह घातलं. पार्सर थांबला. लाल ओळ आली: अनोळखी चिन्ह. तिने टक्क्याची खूण घातली. थांबला. दोन ठिकाणी दशांशाचं टिंब दिलं. थांबला.

"बघितलंस? काही घाल. चांदणी घाल, चौकोन घाल, टिंब वर सरकव, आकडा उलटा लिही. जे कळत नाही तिथे तो थांबतो. अंदाज करत नाही. तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी?"

"अंदाज करणारा पार्सर म्हणजे खोटं बोलणारा साक्षीदार."

"मग?" ते हसले. पण हसणं ओठांपुरतंच राहिलं. "घरचं माणूस आहे म्हणून जीव तुटतो, कळतं मला. पण यंत्रावर राग काढू नकोस."

ती जागेवर आली आणि तिने राग यंत्रावरच काढला. फझरला सगळं बळ दिलं. ऑफिसातली जी जी मशीनं मोकळी होती ती त्याच्या दिमतीला लावली. फक्त आकडे, आकड्यांचेच सगळे प्रकार, असा कचरा करायला सांगितलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत काही नाही. चहापर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. हिरवा दिवा असा निवांत जळत होता, की तिला तो काढून खिडकीबाहेर भिरकवावासा वाटला. एकदा पार्सर अडखळला म्हणून ती खुर्चीतून उडाली, तर मशीनचं डोकं तापून ते बंद पडलं होतं. गुन्हेगार पंखा निघाला.

इस्पितळाच्या चौकशी समितीची बैठक गुरुवारी होती आणि तिच्या हातात एक बंद पडलेला पंखा होता.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात साहेबांचा निरोप उमटला. "आत ये. दार लावून घे."

३

"तू ती रिकामी फाइल उघडलीस," साहेब म्हणाले. "एकदा नाही, सारखी."

"रिकामी का आहे ती, साहेब?"

"ते माझ्या कामाचं आहे, तुझ्या नाही. ती नर्स तुझी नातेवाईक. उद्या कुणी म्हणालं, की कंपनीतल्याच बाईने पुराव्याला हात लावला, तर?"

"मला पुसायची मुभाच नाहीये. तुम्हाला आहे."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांच्या मागे फळ्यावर एका मोठ्या इस्पितळ समूहाचा करार होता, भोवती तीन वेळा गोल काढलेला. "हे बघ," ते आवाज खाली आणून म्हणाले, "माणूस वाचलाय. तुझ्या नणंदेला फार तर दुसरीकडे नोकरी शोधावी लागेल. इथे सत्तर घरांच्या चुली आहेत. लांब राहा."

ती बाहेर आली. दार मात्र जरा जोरातच लागलं.

घरी आली तर वन्सं स्वयंपाकघराच्या सगळ्या बरण्या खाली काढून पुसत होत्या. आदल्या दिवशीही त्यांनी त्याच पुसल्या होत्या. घरी बसवल्यापासून त्यांना हातांचं काय करायचं तेच कळत नव्हतं. वॉर्डात फोन करायलाही बंदी होती.

"वन्सं, जरा बसा. मला पुन्हा सगळं सांगा."

"अगं, किती वेळा? समितीला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, तुझ्या नवऱ्याला सांगितलं. तोच तोच पाढा. आता माझं मलाच खोटं वाटायला लागलंय."

"तो मेसेज तुम्ही वाचलात ना? डोळ्यांपुढे आणा. शब्द नकोत, दिसत कसा होता ते सांगा."

वन्संनी फडकं बाजूला ठेवलं. डोळे मिटले. "म्हाताऱ्या डॉक्टरांचा होता. ते आपल्यासारखं टाइप करत नाहीत, जुन्या पुस्तकांसारखं करतात. सगळं नीटनेटकं, मोकळं मोकळं. औषधाचं नाव, खाली वेग. दोन, टिंब, पाच." त्या थबकल्या. "टिंब जरा वर होतं."

"वर म्हणजे?"

"म्हणजे आपण खाली ओळीवर देतो ना, तसं नाही. दोन्ही आकड्यांच्या मधोमध, अधांतरी. ते नेहमीच तसं देतात. पंपाच्या पडद्यावरही तसंच दिसलं, मी बघितलं आणि म्हटलं ठीक आहे, अडीच. काय झालं? अशी का बघतेस?"

४

सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत तिने ते टाइप करून बघितलं. २·५. उंच टिंबाचं. बोट एंटरच्या बटणावर ठेवून ती क्षणभर थांबली. हे अनोळखी चिन्ह पार्सरने गिळलं, तर दोन आणि पाच एकमेकांना चिकटणार. पंचवीस होणार. सगळं जुळत होतं.

तिने बटण दाबलं.

लाल ओळ आली: अनोळखी चिन्ह.

तिने पुन्हा टाइप केलं. दुसऱ्या मशीनवर केलं. चिकटवून बघितलं. पार्सर प्रत्येक वेळी टिंबाशी येऊन शहाण्यासारखा थांबला. मास्तर म्हणाले होते तसाच. तिने डोकं टेबलावर ठेवलं आणि मनातल्या मनात पार्सरला, पंपाला, म्हाताऱ्या डॉक्टरला आणि स्वतःच्या हिरव्या दिव्याला शेलक्या शिव्या दिल्या. सगळं जुळून आल्यावर असं तोंडावर आपटणं हे काहीच न जुळण्यापेक्षा वाईट होतं.

बदलांच्या नोंदी तिने आधीच चाळल्या होत्या. त्यात काही वावगं नव्हतं, आणि तेच वावगं होतं: अलीकडच्या सगळ्या नोंदी एका गठ्ठ्यात दाबून नव्याने रचलेल्या, त्यावर पाहुण्याचं नाव. जुनी व्हर्जनं ठेवायची जागाही झाडून स्वच्छ.

करायला काही उरलं नाही म्हणून तिने फझरचा साठा उघडला.

फझर सगळाच कचरा ठेवत नाही. बहुतेक फेकून देतो. एखाद्या तुकड्याने पार्सरला नव्या वाटेने जायला लावलं, तरच तो तुकडा जपून ठेवतो आणि पुढचा कचरा त्याच्यावरच वाढवतो. महिनोन् महिने साठलेले हजारो तुकडे होते. तिने सहज म्हणून ते सगळे पुन्हा पार्सरला भरवले आणि कोण कुठे थांबतं ते बघत बसली.

मग ती बघता बघता ताठ झाली.

साठ्यात मोठाले तुकडे होते, ज्यांच्या पहिल्याच ओळीत विचित्र चिन्हं होती. उंच टिंबं, न दिसणाऱ्या मोकळ्या जागा, वाकडी अवतरणचिन्हं. आजचा पार्सर त्या सगळ्यांना पहिल्याच चिन्हापाशी, एकाच जागी, एकाच लाल ओळीने थांबवत होता. पण असं असेल तर फझरने यातला एकच तुकडा ठेवला असता. बाकीचे कशाला? पहिल्याच चिन्हाला दार बंद होत असेल, तर त्या चिन्हाच्या पुढे चौथ्या, पाचव्या, दहाव्या ओळीत त्याला नवी वाट कुठून सापडली असती? आणि त्याने तर तिथेच पुढे पुढे वाढवत नेलं होतं, आवडीने.

याचा अर्थ एकच. हे तुकडे गोळा झाले तेव्हा दार उघडं होतं. पार्सर ती चिन्हं गुपचूप गिळून पुढे वाचत होता. आणि फझरला ते महिनोन् महिने दिसत होतं. पण त्याला फक्त कोसळणं कळतं. न कोसळता, चेहरा सरळ ठेवून चुकीचं वाचणाऱ्याबद्दल बोंब ठोकायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आज तिच्यासमोर जो पार्सर होता, तो पंपात असलेला पार्सर नव्हता. कुणीतरी तो बदलला होता.

५

पाहुणा तीन महिन्यांच्या बोलीवर आला होता आणि कित्येक वर्षं झाली तरी गेला नव्हता, म्हणून तो पाहुणा. पंपांवर नवी व्हर्जनं चढवणं हे त्याचं काम. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा तो केळं खात होता.

"तू पार्सर बदललास."

"मी?" त्याने केळं खाली ठेवलं. "मला पार्सर उघडता येतो का तरी? माझ्या हातात डबा देतात, मी पोचवतो. त्यात भाजी कसली आहे ते मी बघत नाही."

"नोंदीवर तुझं नाव आहे."

"चढवणारा मी, म्हणून नाव माझं. सगळ्याच नोंदींवर माझं असतं. दुसऱ्याच्या पापाला माझं नाव, नेहमीचंच." तो वैतागून म्हणाला. "त्या इस्पितळातली भानगड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, किरकोळ दुरुस्ती आहे, आजच्या आज सगळ्या पंपांवर चढव. धावत सुटलो. चढवली. एक राहिला तेवढा."

"कुठला?"

"तोच. भानगडीचा. चौकशीवाल्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवलाय. कुणाला हात लावू देत नाहीत, मला दारातूनच हाकललं."

कचरावालीला कळलं, तो पंप अजून जुन्याच पार्सरवर होता. पण तिने चेहऱ्यावर दाखवलं नाही. "आणि ती फाइल? उंच टिंबाची?"

"कसलं टिंब?"

तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. ती तिथून थेट साहेबांच्या खोलीत गेली, दार न ठोठावता.

"तुम्ही दुरुस्ती चढवायला लावलीत. ती उंच टिंबाची दुरुस्ती होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"उंच काय?" साहेब चिडून म्हणाले. "हे बघ, मी तुला एकदा सांगितलंय—"

"फाइल तुम्ही पुसलीत?"

"मला ती रिकामी आहे हे तुझ्यामुळे कळलं! तू सारखी उघडत होतीस म्हणून मी बघायला गेलो. रिकामी दिसल्यावर माझी झोप उडाली. तुला काय वाटतं, मला हे आवडतंय?" त्यांनी कपाळ चोळलं. "दुरुस्ती मास्तरांनी दिली. म्हणाले, किरकोळ साफसफाई आहे, उगाच लांबवू नका. मास्तरांना मी प्रश्न विचारू का?"

ती दारातच उभी राहिली. साहेबांना उंच टिंब ठाऊक नव्हतं. पाहुण्याला नव्हतं. तिला स्वतःला ते काल संध्याकाळी, बरण्यांच्या पसाऱ्यात वन्संनी सांगितलं तेव्हा कळलं. मूळ मजकूर पुसलेला, तेव्हा वन्सं आणि ते डॉक्टर सोडले तर ते टिंब कुणाला दिसायचा संबंधच नव्हता.

पण त्याच्याही आधी, पहिल्या दिवशी, तिने फक्त आकड्याबद्दल विचारलेलं असताना, एक माणूस सहज बोलून गेला होता. चांदणी घाल, चौकोन घाल. टिंब वर सरकव.

६

मास्तर डब्याला तिची वाट बघत थांबले होते. तिने डबा उघडला नाही.

"टिंब वर सरकव, म्हणालात तुम्ही."

"कधी?"

"सोमवारी. वर सरकवायचं तुमच्या डोक्यात कुठून आलं, मास्तर? ते ज्या फाइलीत होतं ती मी उघडली तेव्हा रिकामी होती. तुम्ही उघडली तेव्हा नव्हती."

त्यांनी एक चष्मा काढला, दुसरा घातला, तोही काढला. तिने साठ्याबद्दल सांगितलं. मोठाले तुकडे, पुढे पुढे वाढत गेलेले. तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनं कौतुक उमटलं. तिला ते कौतुक आत्ता नको होतं.

"चांगलं शोधलंस," ते हळूच म्हणाले.

"का केलंत?"

"कुठलं? गिळणं की पुसणं?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "गिळणं सोपं होतं. नर्सेस मेसेजमधून मजकूर उचलतात, त्याबरोबर न दिसणाऱ्या मोकळ्या जागा येतात. पंप अडायचा. दिवसातून दहा फोन. पेशंट तळमळतोय आणि तुमचं यंत्र अनोळखी चिन्ह म्हणून बसलंय, असं मला एका बाईने रडून सांगितलं. मी म्हटलं, मोकळ्या जागा गिळू दे. लिहिताना घाईत सगळीच परकी चिन्हं गिळायला लावली. एका ओळीचा फरक. नंतर नीट करू म्हटलं."

"आणि पुसणं?"

"भानगडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर उघडला. ते टिंब दिसलं. एका क्षणात सगळं कळलं मला. पहिल्यांदा दुरुस्त केलं, आणखी कुणाला होऊ नये म्हणून. ते पुसायच्या आधी केलं, एवढं तरी लक्षात ठेव."

"आणि मग एका बाईला तसंच घरी बसू दिलंत. ती माझी नणंद आहे हे ठाऊक असून मला म्हणालात, वाईट वाटतं गं."

"वाटतंच होतं."

"गुरुवारी समितीपुढे सांगाल?"

"मी हे सांगितलं तर हा पार्सर पुन्हा कुठल्या इस्पितळात जाणार नाही. माझं सगळं आयुष्य आहे त्यात."

"वन्संचंही होतं, त्यांच्या कामात," ती म्हणाली आणि उठली. ती चिडली होती. आणि सगळ्यात जास्त राग याचा, की सवयीने तिने त्यांच्या डब्याखालचा सांडलेला थेंब पुसला.

७

समितीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. तीन माणसं आणि मधे अध्यक्ष बाई, इस्पितळाच्या जुन्या सुपरिंटेंडंट. एका बाजूला साहेब. दुसऱ्या बाजूला म्हातारे डॉक्टर. वन्संनी कडक इस्त्रीची साडी नेसली होती आणि हात मांडीवर असे घट्ट धरले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"तुमची एकच विनंती आहे म्हणता?" अध्यक्ष बाईंनी कचरावालीला विचारलं.

"कपाटातला पंप बाहेर काढा. त्याला बाटली जोडू नका. डॉक्टरांचा मेसेज सिस्टरांना पुन्हा चिकटवू द्या. बस."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "याची गरज काय? पार्सर तपासलेला आहे—"

"पंप आणा," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

कुलूप उघडलं. पंप टेबलावर आला. वन्संनी डॉक्टरांचा मेसेज उचलला आणि चिकटवला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसलं: २·५. सगळ्यांनी वाकून बघितलं. अडीच. मग कचरावालीने दुसऱ्या पानाचं बटण दाबलं, जिथे पंपाने काय समजून घेतलं ते बारीक अक्षरांत येतं.

पंचवीस.

अध्यक्ष बाईंनी स्वतः बटण दाबून पहिलं पान बघितलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.

"मी टिंब वर देतो," म्हातारे डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "शिकत होतो तेव्हापासून. खालचं टिंब घाईत दिसत नाही, चूक होते, म्हणून वर द्यायला शिकवलं होतं आम्हाला."

"आजच्या पार्सरला हेच द्या, तो थांबतो," कचरावाली म्हणाली. "घटनेच्या दुसऱ्या दिवशी तो बदलला गेला. हा एकच पंप कुलपात होता म्हणून राहिला."

"कुणी बदलला?"

तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. तिचा तिलाच संताप आला. इतके दिवस ज्या नावासाठी डोकं फोडून घेतलं, आता तेच बाहेर पडेना.

"मी," मागून आवाज आला.

मास्तर दाराशी उभे होते. कधी आले होते कोण जाणे. एकाच चष्म्यात होते. "गिळायला मी शिकवलं. पुसलंही मीच. सिस्टरांची काही चूक नाही. हे सगळं मी कुठे लिहून द्यायचं ते सांगा." ते कचरावालीकडे बघत नव्हते. तिनेही बघितलं नाही. तिचा राग गेला नव्हता. तो आज जाणार नव्हता, कदाचित वर्षभरही जाणार नव्हता. पण तिने उठून शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी मागे ओढली, आणि ते बसले.

साहेब फोन घेऊन बाहेर गेले. अध्यक्ष बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं आणि वन्संकडे वळल्या.

"सिस्टर, समितीकडून तुमच्यावर अन्याय झाला. तुम्हाला काही म्हणायचंय? काहीही म्हणा, आज आम्ही ऐकून घेऊ."

सगळे तयारीत बसले. कचरावालीला वाटलं, आता इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडणार, आणि पडलंच पाहिजे. वन्संनी हात सोडले. टेबलाच्या कडेला धरून उभ्या राहिल्या.

"ते कसे आहेत?"

"कोण?"

"माझे पेशंट. बेड खिडकीजवळचा. मला फोन करायला बंदी होती, कुणी सांगितलंच नाही मला. त्यांचं जेवण सुरू झालं का?"

टेबलाभोवतीच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मग म्हातारे डॉक्टर उठले आणि वन्संच्या जवळ येऊन म्हणाले, "परवा घरी गेले ते. स्वतःच्या पायांनी. जिना उतरताना आमच्यावरच ओरडत होते."

वन्सं खाली बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडल्या.